नत्थुजींचा पांढरा बॅनर

४ जानेवारी

सीमा मॅडमनी कागद परत केला. ‘डिझायनर म्हणून माझी ध्येयं’ यावर दोनशे शब्द हवे होते. मी चार लिहिले होते — कमी रंग, कमी शब्द.

मॅडम म्हणाल्या, “इशिता, हे ध्येय आहे की उपास?”

वर्ग हसला. खोलीवर येऊन पुन्हा वाचलं. दुसरा ‘कमी’ काढता आला असता.

५ जानेवारी

दोनशे शब्द लिहून दिले. सगळे खोटे. मॅडम म्हणाल्या, छान.

१२ जानेवारी

बाबांचा अकोल्याहून फोन. मराठी साहित्यात बी.ए. झालेली मुलगी अमरावतीला ग्राफिक डिझाइन शिकते, हे त्यांनी अजून कोर्टात कुणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, पुढचं शिकते आहे.

“हे वर्ष पास झालीस तर बोलू. नाही तर अकोल्याला ये आणि बी.एड. कर. जूनअखेर ही शेवटची तारीख. मुदतवाढ मिळणार नाही.”

वकिलाच्या घरात हाच त्रास. अपील करायचं तर न्यायाधीश तेच.

पायलने विचारलं, “काय म्हणाले?” ती माझ्या खोलीत राहते. तिच्या बाजूची भिंत चित्रांनी भरलेली. माझी कोरी. घरमालकीण परवा मला विचारून गेली, खोली सोडतेस का.

२३ जानेवारी

वर्षाचा निकाल एका कामावर. खरा ग्राहक, खरं काम, खरा रस्ता. एप्रिलमध्ये परीक्षक पुण्याहून येणार.

वर्गातल्यांनी कॅफे धरले. मी देवीदासभाऊंचं फ्लेक्सचं दुकान धरलं, राजकमल चौकाजवळचं. रोज दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसायचं. बदल्यात एक बॅनर पूर्ण माझा. भाऊ बोट घालणार नाहीत.

भाऊंचा नियम — “गिऱ्हाईक फुटावर पैसे देते. रिकामी जागा सोडली म्हंजे त्याच्या खिशातून काढलं.”

माझा एक बॅनर येऊ दे.

९ फेब्रुवारी

दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये वाघ एकच आहे. शहरातले सगळे भावी नगरसेवक त्याच वाघाशेजारी उभे आहेत. आज एक जण तक्रार घेऊन आला — माझा वाघ पलीकडच्या वॉर्डात दिसला. भाऊंनी शांतपणे वाघ उलटा केला. डावीकडे पाहणारा उजवीकडे पाहू लागला.

“आता हा वेगळा हाय.”

गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

१९ फेब्रुवारी

ग्राहक मिळाला!

कुलदीप, वलगावचा. आजोबांची पंचाहत्तरी आहे. आजोबा म्हणजे नत्थुजी — संत्र्याचा बगीचा, एकदा सरपंच, गावात वजन. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. कुलदीपने दहा मार्च धरली, कारण त्या दिवशी मंडपवाला मोकळा आहे.

पेनड्राइव्हमध्ये नत्थुजींचा फोटो एक. नातेवाइकांचे खूप. कुलदीपचे गॉगल घातलेले त्याहून जास्त.

“आजोबा मधात. मी बाजूनं. थोडा मोठा.”

“आजोबांपेक्षा?”

“त्याईचं तं झालं ना आता, ताई. माहं अजून बाकी हाय.”

मी त्याला म्हटलं, पुण्याकडे हल्ली असं करत नाहीत. पुणं ऐकल्यावर तो म्हणाला, “तसंच करा मंग.”

पुण्याचा असा उपयोग करायला नको होता. पण केला.

२ मार्च

झालं.

पांढरं कापड. नत्थुजींचा काळा-पांढरा फोटो, टोपी घातलेला, कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे पाहणारा. खाली नाव. नावाखाली ‘पंचाहत्तर वर्षे’. अगदी खाली, लहान — ‘समस्त कुटुंबीय’.

बाकी सगळं काढलं. नातेवाईक, ट्रॅक्टर, संत्र्याची फांदी, गॉगल. एवढं शांत काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. बराच वेळ पाहत बसले.

पायल मागे येऊन उभी राहिली. “कोण गं हे?”

“ग्राहक.”

“अच्छा,” म्हणाली, आणि जाऊन गाणं बंद केलं.

कामात शांतता असली की ती खोलीत पसरते. हे मॅडमना सांगायला हवं.

९ मार्च

भाऊ मुलीच्या सासरी गेलेत. छपाई मीच काढली. संध्याकाळी कुलदीप घेऊन गेला. फोनवर पाहिलं होतं तेव्हा लहान दिसत होतं, म्हणाला. आता लय मोठं वाटते.

म्हटलं, मोकळी जागा असली की तसं वाटतं.

१० मार्च

सकाळी कुलदीपचा फोन.

“ताई, लोकं येऊन राह्यले.”

“मग चांगलंच आहे.”

“नाई ताई. रडत येऊन राह्यले.”

बॅनर पहाटेच वलगावच्या स्टँडवर लागला होता. कुलदीपने त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडल्याची खूण केली. दुसरं काही लिहिलं नाही. पुण्याकडे कमी लिहितात, असं मीच त्याला सांगितलं होतं. पहिलं उत्तर अकोल्याहून आलं — ॐ शांती. मग कुणालाच मागे राहायचं नव्हतं.

भाऊ परत आले होते. त्यांच्या गाडीवर मागे बसून निघाले. स्टँडवर गाडी थांबवली, वर पाहिलं, आणि हात जोडले. मग स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

“बापा,” म्हणाले. “मलेही फसवलं तू.”

घरापुढे मंडप. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, सगळे मान खाली घालून. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, कारण दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत. मागच्या अंगणात आचारी बुंदी पाडत होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

नत्थुजींची बहीण चतुराबाई पहिल्या बसने अकोल्याहून आल्या होत्या. स्टँडपासून हंबरडा फोडत घरापर्यंत आल्या, तर नत्थुजी अंगणात दाढी करून घेत बसलेले. अर्धी झाली होती. बाई पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मेला नव्हता तं फोन कराले काय झालं होतं? रिकामी रडली मी स्टँडपासून.”

आम्ही पोचलो तेव्हाही त्यांचं रडणं चालूच होतं. सुरू केलेलं मधेच थांबवता येत नाही, म्हणाल्या.

नत्थुजी खाटेवर. दाढी पूर्ण झालेली. मी माफी मागू लागले.

“तूच काय वं थे पोरगी? बस.”

भाऊ म्हणाले, “आत्ताच उतरवतो बॅनर, बुढाजी.”

“काहून? राहू दे दुपारलोक. लोकं लय चांगलं बोलून राह्यले माह्याबद्दल.” मग माझ्याकडे वाकून, हळू आवाजात — “थो चंद्रभान. जन्मभर वावराच्या धुऱ्यावरून भांडला माह्यासंग. बाहेर उभा राहून म्हणे, असा माणूस पुन्हा होणार नाई. मंग मी जिता दिसलो. तं चहा न पेता गेला.”

खूप हसले. खोकला लागला. चतुराबाईंनी पाठ चोळली आणि पुन्हा रडल्या.

मग त्यांनी कुलदीपचा फोन मागून घेतला. बॅनर बराच वेळ पाहिला.

“चेहरा बरा आला. पण मी एकटा काहून हाय यात? माही माणसं कुठी गेली?”

“जागा मोकळी ठेवली, आजोबा.”

“कोणासाठी?”

जेवून जा म्हणाले. एका ताटात शेजाऱ्यांचं पिठलं आणि घरची बुंदी.

१५ मार्च

दुकानात चार गिऱ्हाइकं आली. चौघांनाही ‘नत्थुजीसारखा’ हवा. चौघांच्या घरी खरंच कुणी गेलेलं.

भाऊ म्हणाले, “तुहा हात या कामाले बसला.”

२९ मार्च

माझं काम आता चांदूर बाजारपर्यंत लागतं. परवा नांदगाव पेठहून एक जण आले. वडील गेलेले. फाइल पाहून म्हणाले, “बरोबर आहे. असंच होते ते.” डोळे पुसून गेले. त्या माणसाला कोणी फसवलं नव्हतं.

कमी रंग, कमी शब्द. या जिल्ह्यात हे मागणारी माणसं आहेत. फक्त आधी कुणी मरावं लागतं.

बाबांचा फोन. “काम मिळतंय?”

“भरपूर.”

“कसलं?”

“लोकांच्या आठवणींचं.”

“अरे वा,” म्हणाले. पहिल्यांदा.

२२ एप्रिल

परीक्षा. पुण्याचे परीक्षक, खादीचा कुर्ता, बारीक चष्मा. नत्थुजींचा बॅनर पडद्यावर लावला. ते खुर्चीतून पुढे सरकले.

“फार संयत. लोकांची प्रतिक्रिया काय होती?”

“रडले, सर.”

त्यांनी काहीतरी लिहिलं. सीमा मॅडमना खोकला आला.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पास झाले असते. पास आणि माझ्यात दोन वाक्यांचं अंतर होतं. पण त्यांनी विचारलं, “आणि ज्यांचा वाढदिवस, त्यांना काय वाटलं?” मग सगळं सांगितलं. अर्धी दाढी, चंद्रभान, बुंदी. शेवटी परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते. मॅडम भिंतीकडे तोंड करून.

हसणारे परीक्षक पास करतात असं नाही.

२४ एप्रिल

निकाल. नापास नाही, पासही नाही. सोळा जूनपर्यंत पुन्हा काम द्यायचं. ग्राहक तोच, बॅनर नवा. शेरा एका ओळीचा — ‘ग्राहक जिवंत आहे हे कळले पाहिजे.’

पायलने तो कागद तिच्या भिंतीवर लावला.

११ मे

ऊन असं की दुकानातला कूलर गरम हवा फेकतो. तरी वलगावला गेले. पंचाहत्तरी पुन्हा करायची असं नत्थुजींनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मागची धरली नाही, म्हणाले. तिच्यात मी मेलो होतो.

खाटेवर फोटो मांडले. कोण कुठे, ते सांगू लागले.

“चंद्रभानले चतुराबाईपाशी ठेव. थिच्यापुढे तो बोलत नाई. कुलदीपले कोपऱ्यात. लहान. थ्या जावयाले वर नोको, खाली नोको. वर ठेवला तं फुगते, खाली ठेवला तं रुसते. मधात कुठी तरी दाब.”

“आणि या?” मतदार ओळखपत्रावरचा फोटो होता. डोळे मिटल्यासारखे.

“पार्वताबाई. माही बायको. सहा वर्षं झाली जाऊन.” फोटो उचलून स्वतःच्या फोटोशेजारी ठेवला. मग थोडा दूर केला. पुन्हा जवळ घेतला. “एवढ्याच अंतरानं बसे ती. याच्यावर नाई, याच्या आत नाई.”

मी अंतर वहीत आखून घेतलं.

निघताना म्हणाले, “रंग टाकजो वं. माह्या बगीच्यात पांढरं काई पिकत नाई.”

२४ मे

नऊ वेळा मांडून पाहिलं. चेहरे टाकते, गर्दी होते. चेहरे काढते, माणूस मरतो.

भाऊ म्हणतात, वाघ टाक.

२५ मे

वाघ टाकून पाहिला. काढला.

३ जून

बाबांचा फोन. “बी.एड.साठी सत्तावीसला येतेस ना? सामान एकदमच आण.” मी म्हटलं, सोळाला काम द्यायचंय. “हो हो,” म्हणाले. निकाल आधीच लिहून ठेवलेल्या न्यायाधीशासारखे.

६ जून

जावई मधे दाबला. बसला. चतुराबाईंशेजारी चंद्रभान — खरंच, त्याचा चेहरा तिथे नरम दिसतो. म्हणजे मांडणी त्यांच्या खाटेवर झालीच होती. मी ती पुन्हा पुन्हा मोडत होते.

पण अजून जमत नाही. काही जण बाहेर ठेवल्याशिवाय मला हात थांबवता येत नाही. आज सात जण बाहेर आहेत. कुलदीपला कळवलं, अजून चार दिवस. तो म्हणाला, आजोबा रोज विचारते, मी जिता झालो का म्हणून.

१० जून

नत्थुजी गेले. पहाटे, झोपेत.

कुलदीपचा फोन. “बॅनर पाह्यजे ताई. दुपारच्या आत. पण पांढरा नोको. थो पाहून कोणी येणार नाई. म्हणतीन, मांगच्यासारखंच असन.”

फाइल उघडली. बाहेरचे सातही जण आत घेतले.