कारणाचा रिकामा रकाना

स्वस्ति श्री. सहाशे चौदा संगणकांचे भूतपूर्व सार्वभौम, अकराशे पासवर्डांचे प्रतिपालक, पडद्यावरील चित्रांचे नियंते, छपाईयंत्रांचे पथप्रदर्शक, ‘एकदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहा’ या महामंत्राचे उद्गाते, इस्पितळाच्या चारही इमारतींतील यच्चयावत माउसांचे अधिपती, सांप्रत तळघरातील जुन्या सामानाच्या कोठीत तीन पायांच्या टेबलामागे विराजमान असलेले आम्ही, अभिलेख-विभागाचे प्रमुख, रुग्णपत्रिकांचे कुलपती, अखंड-दप्तर-धुरंधर यांस साष्टांग नव्हे, पण सविनय कळवितो, की

प्रिय दप्तरपती,

बिरुदावली इथे संपली. माझी बिरुदे तूच बहाल केलेली आहेत, त्यामुळे ती मिरवण्याचा अधिकार अजून शाबूत असावा असे मी गृहीत धरतो. ‘नियमशास्त्री’ ही पदवी तू मला बावीस वर्षांपूर्वी दिलीस, आपण दोघे रुजू झालो त्याच आठवड्यात. ओळखपत्राच्या छायाचित्रासाठी आपण एकाच रांगेत उभे होतो आणि एकच टाय आळीपाळीने लावला होता, हे तुला आठवत असेल. कागदपत्रे जपणाऱ्या माणसाने निदान एवढे तरी जपलेले असावे. आज मला या तळघरात येऊन चाळीस दिवस झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या तुझ्या दालनापासून इथपर्यंत, मी मोजल्याप्रमाणे, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत, आणि लिफ्टही आहे. तू उतरला नाहीस. परवा त्याच लिफ्टमध्ये आपण समोरासमोर आलो, तेव्हा तू मजल्यांचे आकडे अशा एकाग्रतेने वाचत होतास, की जणू एखाद्या वेळी दोनानंतर पाच यायचा.

माझे काम तुला प्रथम समजावले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तू विचारले होतेस, “म्हणजे तू इथे बसून तिथल्या माणसाचा माऊस हलवतोस?” मी म्हणालो, माऊस नव्हे, मर्यादा. मी माझ्या खोलीत बसून एका चौकोनात खूण करावी आणि दीड-दोन तासांच्या आत चारही इमारतींतील संगणकांनी निमूट मान डोलवावी, असे ते राज्य होते. कोणाचा पडदा किती मिनिटांनी कुलूपबंद व्हावा, कोणाचा पासवर्ड किती अक्षरांचा असावा, कोणाचा कागद कोणत्या यंत्रातून निघावा, सर्व काही एका जागेवरून. प्रसूतीकक्षाच्या थोरल्या परिचारिकाबाई रोज सकाळी पडद्यावर आपल्या मांजराचे चित्र लावीत आणि माझा नियम ते मांजर पुसून इस्पितळाचे निळे बोधचिन्ह पुन्हा आणून बसवी. बाईंनी तीन आठवडे झुंज दिली. शेवटी त्या माझ्या दालनात येऊन म्हणाल्या, “तुमचं काय वाकडं केलंय हो माझ्या मनीनं?” मी त्यांना अत्यंत गंभीर मुद्रेने सांगितले, की नियम सर्वांना समान असतो. तू दारात उभा राहून हसत होतास.

माझ्या या राज्यात एकच संस्कार होता आणि तो मी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दिला. प्रत्येक नियमाच्या शेजारी एक छोटा रकाना असतो, ‘कारण’ या नावाचा. तो रिकामा ठेवता येतो; यंत्राला त्याचे सोयरसुतक नसते. परंतु माझ्या विभागात तो कधीही रिकामा राहिला नाही. नियम करणारा उद्या असेल, नसेल. मागून येणाऱ्याला तो का केला हे समजले पाहिजे, आणि ज्या नियमाला कारण नाही तो नि:शंकपणे पुसून टाकावा, असे माझे प्रवचन असे. मनीला हद्दपार करणाऱ्या नियमाचेसुद्धा कारण मी चार ओळींत लिहून ठेवले आहे. बावीस वर्षांत एकच रकाना मी रिकामा ठेवला.

ती सकाळ तू विसरला असशील, असे मी क्षणभरही मानत नाही. सहा वर्षे झाली. तासाभरात तुझे खाते तिसऱ्यांदा बंद पडले होते आणि मी थट्टेच्या तयारीने वर आलो होतो. तू उजवा हात टेबलाखाली धरून बसला होतास आणि डाव्या हाताने त्याचे मनगट दाबून ठेवले होतेस, एखाद्या धडपडणाऱ्या पाखराला धरावे तसे. तू म्हणालास, “चौदा अक्षरं रे. सातव्यापर्यंत जातो आणि मग एकच कळ दोनदा लागते.” वैद्यांनी दिलेले आजाराचे नाव तू सांगितलेस आणि लगेच म्हणालास, की वहिनींनाही ते नाव ठाऊक नाही. “वर कळलं तर उद्याच मला घरी बसवतील. कुठे लिहू नकोस. तुझ्या त्या रकान्यातसुद्धा नाही. शपथ घे.” मी शपथ घेतली. एका माणसाचा एक गट बनवला, त्याला ‘अपवाद-एक’ असे नाव दिले, आणि त्या गटाला पाच मिनिटांचे कुलूप नाही, चौदा अक्षरे नाहीत, थरथरून दोनदा दाबल्या गेलेल्या कळीचा दुसरा दाब मोजायचा नाही, असे ठरवून दिले. अपवाद-दोन कधीच झाला नाही. दुसऱ्या दिवशी तू फोनवर म्हणालास, “शास्त्रीबुवा, आज पहिल्या फटक्यात आत गेलो.” त्या एका वाक्याने मला जो आनंद झाला, तसा सहाशे चौदा संगणकांनी मिळून कधी दिला नाही.

पुढचे तुला माहीत आहे, परंतु ते एकदा माझ्या तोंडून ऐक. तू चहाला गेलास, तुझा संगणक उघडा राहिला, आणि कुणीतरी, कोण ते अजून सापडले नाही, रुग्णवाहिकेच्या चालकाची रुग्णपत्रिका त्यावर वाचली. त्याचा आजार दुपारपर्यंत उपाहारगृहात चघळला जात होता. तो मनुष्य दोन दिवस गाडीतच बसून जेवला. यात माझा दोष आहे आणि मी तो मान्य करतो. कुलूप मी काढले होते, आणि कुलूप काढल्यावर दार कोण लोटेल याचा विचार करणे हेच माझे काम होते. मी त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितली. तो चाके धूत होता. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “तुम्ही निदान आलात तरी. ज्यांचा कॉम्प्युटर होता ते अजून फिरकले नाहीत.” तेव्हासुद्धा, दप्तरपती, मी तुझी बाजू घेतली. म्हणालो, त्यांना बरे नाही.

चौकशी-समितीसमोर मला आधी बोलावले. पडद्यावर ‘अपवाद-एक’ उघडलेला होता आणि शेजारी तो शुभ्र, रिकामा रकाना. कारण काय, असे तिघांनी तीन प्रकारे विचारले. मी म्हणालो, कारण आहे, परंतु ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. तुझ्या आजाराचे नाव मी घेतले नाही, कारण माझ्यामागून तुला बोलावणार होते, आणि तू आत जाऊन ते स्वत:च सांगशील याविषयी माझ्या मनात संशयाचा लेशही नव्हता. तू आत गेलास तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तुझे झाले की दोघे मिळून चहा घेऊ, असा माझा बेत होता. तू बाहेर आलास आणि दुसऱ्या जिन्याने गेलास. मला वाटले, लाजला असशील.

तुझ्या जबाबाची प्रत मला बदलीच्या आदेशासोबत मिळाली. ‘सदर संगणक कुलूपबंद का होत नाही याची मला कल्पना नाही. संबंधित कर्मचाऱ्याची ही ढिलाई दिसते.’ दोन वाक्ये. त्यांचे आलंकारिक विवेचन करावे असे पुष्कळ मनात होते, परंतु जमत नाही, म्हणून साध्या शब्दांत लिहितो. तू खोटे बोललास. माझ्या शपथेच्या आड उभा राहून माझाच केसाने गळा कापलास, आणि ती शपथ मी मोडणार नाही या खात्रीवर कापलास. शत्रूला असे करता आले नसते. त्याला माझ्याविषयी इतका विश्वास नसता. ‘संबंधित कर्मचारी’ हे शब्द मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. आणि त्याखाली तुझी सही होती. एरवी तुझी सही कशी डौलदार! या सहीतले प्रत्येक वळण तीनदा अडखळले होते. जे मी लपवले आणि जे तू नाकारलेस, ते त्या कागदावर तुझ्याच हाताने लिहिलेले होते, आणि समितीतल्या तीनही विद्वानांना ते वाचता आले नाही. घरी बायको रोज म्हणते, “एक वाक्य बोलायचंय तुम्हाला, एकच! तुमच्या जिभेला का त्यानं पासवर्ड घातलाय?” ती तुझ्या वहिनीच्या नात्याने तुला काय काय म्हणते, ते इथे लिहीत नाही.

आता हे पत्र का, ते सांगतो. क्षमा मागण्यासाठी तुला आमंत्रण धाडावे इतका मी उदार नाही आणि निर्दोषत्वाचा दाखला तुझ्याकडून मागावा इतका दीनही नाही. माझ्या जागी माझीच शिष्या बसली आहे, जिला तू उपशास्त्री म्हणतोस. ती काल इथे खाली आली, खुर्ची नसल्यामुळे खोक्यावर बसली आणि म्हणाली, “सर, सगळे नियम तपासले. एकालाच कारण नाहीये. तुम्ही कारण सांगा, मी रकान्यात लिहिते, नियम राहील. आणि तुमच्यावरचा ठपकाही जाईल. नाहीतर तुम्हीच शिकवलंय, सोमवारी नऊ वाजता पुसावा लागेल.” मला तिचा अभिमान वाटला आणि तिचा गळा दाबावासाही वाटला. तिला माझ्याकडून फक्त एक वाक्य हवे होते. मी म्हणालो, कारण माझे नाही. तेव्हा सोमवारी नऊनंतर तुझा पडदा दर पाच मिनिटांनी बंद होईल, चौदा अक्षरे मागेल, आणि पाच चुकांनंतर तुझे खाते मिटेल. आणि या खेपेस अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून येणारा कोणी नाही. आज गुरुवार आहे. तिच्याकडे स्वत: जा आणि कारण सांग, ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, उघड्या संगणकावाचूनही काही सोय करील. तेवढे धैर्य नसेल, तर कळफलकाच्या डाव्या अर्ध्या भागात पंधरा अक्षरे आहेत, मी मोजली आहेत. त्यांचाच पासवर्ड कर आणि तो डाव्या हाताने लिही. काल संध्याकाळी मी उजवा हात खिशात घालून करून पाहिले. चौथ्या प्रयत्नात जमते. मी शपथ मोडलेली नाही. परंतु यापुढे ती तुझ्यासाठी पाळत नाही, माझ्यासाठी पाळतो, एवढा फरक ध्यानात असू दे.

तुझाच (सवय म्हणून),
नियमशास्त्री

ता. क. पत्र हस्तलिखित आहे, यात कोणताही भावनिक हेतू शोधू नये. तळघरातील संगणकाचे सर्व कागद तिसऱ्या मजल्यावर तुझ्या दालनातील यंत्रातून निघावेत, असा नियम मीच बारा वर्षांपूर्वी केला होता, सबळ कारणासह, आणि आता तो बदलण्याचा अधिकार मला नाही; हे पत्र तिथे उघडे पडून कुणीही वाचावे, असे मला वाटत नाही. माझा सोमवारच्या रजेचा अर्ज मी कालपासून तीनदा छापला. त्या तीनही प्रती तुझ्या ट्रेमध्ये असणार. याविषयीची रीतसर तक्रारही छापूनच द्यावी लागते, म्हणून तीही तिथेच असेल. अर्ज आज पाचच्या आत द्यायचा आहे. चौथी प्रत आत्ताच पाठवली; परंतु ती निघाली की कागद अडकला, हे इथून कळण्यास काहीही मार्ग नाही.