कॉफी खाली ठेवणारी मंडळी

थोरले बंधू अबू नवाफ यांस धाकट्या गालिबचा आदरपूर्वक सलाम.

दादा, तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? अकाब्याला समुद्राची हवा आहे, तेव्हा थांबला असेलच. इकडे सल्तमध्ये सगळे खुशाल आहेत (मी सोडून). फोन न करता बसवाल्याच्या हाती पत्र पाठवतोय, कारण घरात सध्या माझ्यावर पाळत आहे.

झालं असं, की कुतैबा आणि रुबा जेवतानाही मोबाइल सोडत नाहीत, म्हणून मी त्यांना संयमाचे धडे देत होतो. एकदा रुबाने (वय बारा, जीभ थेट आपल्या आत्याची) विचारलं, "बाबा, मग तुमच्या हुक्क्याचं काय?" मी म्हटलं, मोठ्यांची गोष्ट वेगळी. त्यावर आमच्या हिने भात वाढता वाढता सुनावलं, की पोरं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात. मला पटलं. मी लगेच चहातली साखर सोडली. (दुकानात घेतो. तिथे पोरं नसतात.) हुक्का तेवढा राहू दिला. उदाहरण एका वेळी एकच घालून द्यावं, नाहीतर मुलं गोंधळतात.

गेल्या शुक्रवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात शेजारचे हाजी धियाब, अंगात लग्नाकार्याचा झगा, आणि त्यांच्यामागे ईदचे कपडे घातलेली माझीच दोन कार्टी. (मागच्या दाराने सटकली असणार.) मला वाटलं, कुणाकडे तरी मुलगी मागायला जायचंय आणि बोलायला मी हवाय, असल्या कामाला सल्तमध्ये दुसऱ्याचं नाव निघत नाही. मंडळी बसली. हिने न सांगता कॉफी आणली (तेव्हाच ओळखायला हवं होतं). तिघांनी पेले घेतले आणि न पिता खाली ठेवले.

दादा, असे पेले खाली ठेवून मी लोकांच्या मुली मागितल्यात, पिढ्यांची वैरं मिटवलीत. आज पेला माझ्याच सतरंजीवर होता. रुबाने माझ्यासारखाच घसा खाकरला आणि मला, सख्ख्या बापाला, परक्यासारखं 'कुतैबाचे वडील' म्हणून हाक मारली. "अबू कुतैबा, मोठ्या आशेने तुमच्या दारी आलोय. मागणं मान्य होईपर्यंत ही कॉफी आमच्या ओठाला लागणार नाही." शब्द माझे, मधलं थांबणंही माझं. मागणं असं, की हुक्का घराबाहेर, गच्चीतसुद्धा नाही. बदल्यात दोघांचे मोबाइल संध्याकाळपासून सकाळपर्यंत कपाटात.

मी म्हटलं, कॉफी निवतेय. "निवू दे की," कुतैबा म्हणाला. हाजी म्हणाले, "गालिब, लवकर बोल बाबा, मला नमाजाला जायचंय." नाही म्हटलं असतं तर उद्या कुणाच्या दारी कुठल्या तोंडाने पेला ठेवला असता? आणि पोरांनी तरी माझं एक अक्षर पुन्हा ऐकलं असतं का? म्हटलं, "प्या. मागितलंत ते दिलं." रुबाने ती कडू, गार कॉफी तोंड वाकडं न करता संपवली. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली.

पोरं शब्द पाळताहेत, हीच अडचण आहे. संध्याकाळ झाली की मोबाइल मुकाट कपाटात जातात आणि मी लवंग चघळत गच्चीत येरझाऱ्या घालतो. शेजारीण हिला विचारत होती, भाऊजींचं काही बिनसलंय का.

वहिनींना सलाम, नातवंडांना गोड पापा.

तुमचा,
गालिब

ता. क. धाकट्याने थोरल्याच्या गुडघ्याची चौकशी समक्ष करावी, असं मनात आलंय. दर गुरुवारी येत जाईन. तुमचा हुक्का घासूनपुसून ठेवा, तंबाखू सफरचंदाची आणा. शब्द माझ्या घरापुरता आहे, अकाब्याचं कुणी नावही काढलं नव्हतं.

ता. क. २. आत्ताच कळलं, तुमच्या नातवंडांनी रुबाला फोन केला होता. पेला नेमका कधी खाली ठेवायचा आणि कुणा वडीलधाऱ्याला सोबत न्यायचं, हे विचारत होती. दादा, या शुक्रवारी घंटा वाजली तर दार उघडू नका. मी या गुरुवारीच येतो.