लांबमान्या

४ सप्टेंबर
खालिदला दफन करून आठवडा झाला. आज त्याचा कॉम्प्युटर उघडला. गाड्या बनवायच्या त्या गेममध्ये त्याचा डायनासोर तसाच उभा — लांब मानेचा, सॉरोपॉड का काय. मी लांबमान्या म्हणायचे. "बाकीचे नवरे गाड्या बनवतात, तू जनावर बनव!" असं चिडवायचे. तो म्हणायचा, "चालायला लागला की तुलाच वर बसवीन." मान झाली, शेपूट झाली. पाय नुसते लावलेत, हलत न्हाईत.

९ सप्टेंबर
इद्दत, नवरा गेल्यावर पाळायची. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल न्हाय. बायका येतात, "सबर कर" म्हणतात, चहा पिऊन जातात. इद्दत सुटली की जानेवारीत अब्बा मला पडघ्याला माहेरी नेणार. कॉम्प्युटर इथंच राहील, सासरचा आहे. तोवर लांबमान्याला चालवायचं. दुसरं काय करू? रडून रडून डोकं फुटायची वेळ आली.

१२ सप्टेंबर
शुक्रवार, गल्लीतले कापडाचे लूम बंद. गल्ली इतकी गप्प की खालिदचा आवाज आठवायला बसले. आठवेना. घाबरले.

२७ सप्टेंबर
पाय हलले! शेजारच्या कारखान्यातली खटक-खटक ऐकत ताल लावला — दोन पाय वर, दोन खाली, परत उलटं. खालिद लूमच दुरुस्त करायचा, म्हटलं त्यानंही असंच केलं असतं. मेला लांबमान्या दोन पावलांत तोंडावर आपटला. परत उभा केला, परत आपटला. शिव्या घातल्या त्याला. मग खालिदला घातल्या. अंजूरचा रस्ता रोजचा, आणि एवढा मोठा ट्रक दिसला न्हाय? जेवण गेलं न्हाय.

११ ऑक्टोबर
तनवीर माझा दीर, इद्दतीत समोर येत न्हाय. आज पडद्याआडून विचारलं, "भाभी, सारखं काय आपटतंय?" सांगितलं. तो म्हणाला, "भाईजान बोलायचा, एवढ्या जड जनावरानं एका वेळी एकच पाय उचलायचा. तीन जमिनीवर पायजेत."

तसं केलं. चालला. सावकाश, मान डोलवत, मैदानाच्या पार टोकाला गेला. मी "बघ" म्हणत मागं वळले. मागं कोण असणार? भिंत होती. आता हे कुणाला दाखवू? मी रडले, पडद्यापलीकडं तनवीरही रडत होता.

१५ ऑक्टोबर
चक्कर आली म्हणून सासू डॉक्टरणीकडं घेऊन गेली, इद्दतीत तेवढी मुभा असते. तिसरा महिना. म्हणजे इद्दत आता बाळ होईपर्यंत. अब्बांना फोन केला, जानेवारीत येऊ नका. खालिदला हे माहीतच न्हवतं.