खळं झाडण्याआधी

प्रिय सविता,

तुझा फोन बंद आहे, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. तुझ्या आईंशी, म्हाळसाकाकूंशी, बोलणं झालं. म्हणाल्या, “पोरगी धड जेवंना, बोलंना. नुस्ती छताकडं बघत पडायली. परत जात न्हाई म्हणायली. काय झालंय तितं, तूच सांग बाई.” मी एवढंच सांगितलं की कॉम्प्युटरवरचं काम बिघडलंय, फार वाईट काही घडलेलं नाही. खरं तर वाईट घडलंय, सविता. पण ते काकूंना फोनवर कसं समजवायचं मला कळेना. आणि इतके दिवस मी तुला का लिहिलं नाही, तेही सांगायचंय. ते शेवटी सांगते.

तू सोनपेठहून पहिल्यांदा हॉस्टेलवर आलीस, तेव्हा खोलीत पाय ठेवल्याबरोबर झाडू शोधलास. माझ्या पलंगाखालचं सामान हलवून तिथलंही झाडलंस आणि वर मलाच ऐकवलंस, “दीपाताई, इतकी धूळ घेऊन तुमी झोपता कशा?” नंतर कधीतरी तू तुमच्या खळ्याबद्दल सांगितलंस. सगळ्या आळीचं मिळून एकच खळं. आपल्या सोयाबीनची पोती भरली की खळं झाडून द्यायचं, म्हणजे पुढच्या घराच्या धान्यात आपलं भूस जात नाही. लहानपणी एकदा तू न झाडता खेळायला पळालीस, तर काकूंनी तुला हाताला धरून परत आणलं होतं. तुझी ही सवय मला फार आवडायची. हॉस्टेलच्या मोरीच्या बाबतीतसुद्धा तुझ्यामुळं आम्ही सगळ्या शहाण्या झालो.

त्या दिवशीही तू तेच केलंस, हे मला ठाऊक आहे. तुझं काम सर्व्हरवर अडकलं होतं, जागा भरली म्हणून पडद्यावर लाल ओळ येत होती. तो सर्व्हर विद्यापीठातल्या सगळ्या विभागांचा. त्यात आपल्या लॅबचा एक सामाईक फोल्डर आणि सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, पासवर्ड प्रत्येकाला पाठ. वेगळं लॉगिन मागायचं तर अर्ज, सह्या, चकरा, कोण करतो? तू आधी तुझं जुनं काढलंस, आणि हात लागलाच आहे तर बाकीचं जुनंही काढून टाकलंस. कित्येक महिने कुणी न उघडलेल्या फायली, नावं अर्धवट, कुणाच्या त्याचा पत्ता नाही. जागा झाली, तुझं काम पुढं सरकलं, आणि तू लॅबमध्ये येऊन आनंदानं सांगितलंस की सगळ्यांसाठी झाडून ठेवलंय. तुझा तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यानंतर आपला रामप्रसाद खुर्चीवरून उठला, त्याचाही नाही.

तो तुला फार बोलला. दुसऱ्याच्या घरात शिरून आवरायला तुला कुणी सांगितलं होतं, हे त्याचं वाक्य तुझ्या जिव्हारी लागलं असणार. पावसाच्या अंदाजाचं त्याचं सगळं गणित त्यात गेलं होतं. आम्ही संगणक केंद्रात धावलो, तर तिथल्या साहेबांनी दारावरचा कागद दाखवला. सामाईक फोल्डरची दुसरी प्रत ठेवली जात नाही, ज्याचं त्यानं सांभाळावं. त्या दारातून आपण सगळे कितीदा गेलो असू. एकानंही तो वाचला नव्हता. रामप्रसादचं गणित आता पुन्हा सुरू झालंय, मूळ आकडे त्याच्याकडं होते. तोही निवळलाय. काल चहा पिताना म्हणाला, “मी लय बोललो तिला. पासवर्ड तर मीच दिलता.” मग फोन लाव म्हटलं, तर म्हणतो लाज वाटायली.

तरी मी तुझी पाठराखण करणार नाही. पोरगी खेड्यातली, तिला काय कळतं, असं म्हणून तुला सोडून द्यावं असं इथं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. तुला कळतं. खळ्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली एखादी रास दिसली असती, तर झाडू बाजूला ठेवून तू घरोघरी विचारून आली असतीस, ही कुणाची हाय म्हणून. इथं रास डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. दिसत नाही म्हणून तर जास्त विचारायचं. आपलं ते आपण काढायचं, दुसऱ्याचं विचारल्याशिवाय हलवायचं नाही, हे काकूंनी तुला शिकवलेलंच आहे. आम्हीही आमच्या राशींवर नावं घातली नव्हती, ही आमची चूक. ती तुझ्या पदरात टाकणार नाही.

आता राहिलेलं. त्या दिवशी तू मला विचारलंस, ताई, तुमचं काही गेलं का? मी म्हणाले, माझं सगळं लॅपटॉपवर आहे. ते खरं नव्हतं. चुडाव्याला दत्तरावकाकांच्या शेतात दोन हंगाम फिरून काढलेले सोयाबीनच्या पानांचे फोटो, पिवळ्या मोझॅक रोगाच्या एकेका डागावर हातानं केलेल्या खुणा, सगळं त्याच फोल्डरमध्ये होतं आणि दुसरीकडं कुठंच नव्हतं. माझी पीएच.डी. आता निदान वर्षभर लांबली. तू एसटीत बसून निघून गेलीस तेव्हा मला बरं वाटलं, कारण तुझं तोंड बघवत नव्हतं. फार राग आला होता गं. अजून पुरता गेलेला नाही. पुढच्या सोमवारपर्यंत लॅबच्या सरांनी प्रत्येकाकडून काय गेलं ते लिहून मागितलंय. तिथं मला खरं लिहावं लागेल, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. दत्तरावकाकांनी याही वर्षी सोयाबीन पेरलंय. पानं पिवळी दिसायलीत, लवकर या, असा त्यांचा निरोप आहे. दोन हंगामांचं काम एका हंगामात माझ्या एकटीच्यानं होणार नाही. आता सगळ्यांना वेगवेगळी लॉगिनं मिळालीत. तुझंही मी मागून घेतलंय, पासवर्ड तुझा तू येऊन घाल. पण त्याआधी माझ्याबरोबर चुडाव्याला चल. मी रागावलेली असेन, कदाचित दिवसभर धड बोलणारही नाही. तू फोटो काढ, मी खुणा करीन.

तुझीच,
दीपाताई