वाचून दाखविले

आप्पा, आधी अंगठा उठवून मग तो कागद तुम्ही माझ्याकडे वाचायला का आणलात? उलट का केलं नाहीत? याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील, तेव्हा ते मिळणारही नाही.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कचेरीत मुंबईकडचे साहेब आले होते, त्यांच्याबरोबर नव्या पद्धती आल्या होत्या. तुम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या पट्टेवालेगिरीत एक फाइल तुम्ही चुकीच्या टेबलावर ठेवली नव्हती, कारण तुम्ही फितीचा रंग बघून चालायचा. लाल फीत तातडीची, ती थेट साहेबांपुढं. पांढरी म्हणजे काम संपलेलं, ती दप्तरखान्यात. नव्या परिपत्रकानं हे रंग उलटे केले. ते सह्यांसाठी सगळ्या कचेरीत फिरत होतं, आणि फिरवत होता तुम्हीच. दुपारी जेवायला घरी आलात तेव्हा ते तुमच्या बगलेत होतं. शिवाजी पेठेतल्या आपल्या खोलीत आई तव्यावरची भाकरी उलटतेय, मी भिंतीला टेकून मॅट्रिकचा अभ्यास करतेय, तुमच्या डाव्या अंगठ्याला अजून शाई आहे. "काय लिवलंय गं ह्यात? समदी सह्या कराय लागल्यात." मी वरच्या दोन ओळी पाहिल्या. इंग्रजी होती, आणि अवघड होती. मला ती कळत नाही हे सांगायची लाज वाटली. "विशेष काही नाही, सगळ्यांनाच दिलंय," मी म्हणाले. तुम्ही आईकडं वळून म्हणालात, "बघ की, पोरगी इंग्रजी वाचती."

चार दिवसांनी तुम्ही जेवायला आला नाहीत म्हणून आईनं मला भाकरी बांधून कचेरीत पाठवलं. दारातूनच दिसलं. वरच्या कचेरीला उत्तर जायचं होतं ती पांढऱ्या फितीची फाइल दप्तरखान्यात सापडली होती, आणि हेडक्लार्क परिपत्रक नाचवत तुम्हाला विचारत होता, "हा अंगठा कुणाचा? माज्या सासऱ्याचा?" सगळे हसले. तो म्हणाला, "पट्टा काढ." तुमची बोटं बक्कलात अडकत होती. "रोज बांधाय येत हुता, सोडाय येत न्हाय व्हय?" पुन्हा हसले. टेबलावरचा तो कागद मी ओळखला. त्यात काय आहे हे सांगायचं काम चार दिवसांपूर्वी माझ्याकडं आलं होतं, हे त्या खोलीत फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, पण माझं नाव घेतलं नाहीत. घरीसुद्धा नाही. पुढं दीड वर्ष तुम्ही उंबऱ्याजवळ बसून काढलंत आणि गेलात.

मी बी.ए. झाले. आपल्या घरात पहिलीच. त्याच कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागले, मुद्दाम. पहिल्याच महिन्यात साहेबांना लिहून दिलं की कुठलाही हुकूम पट्टेवाल्यांना मराठीत वाचून दाखवावा, त्यांच्याकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्यावा, मगच अंगठा घ्यावा, आणि वाचणाऱ्यानं खाली 'वाचून दाखविले' लिहून सही करावी. म्हणजे न कळलेल्या गोष्टीसाठी कुणाला शिक्षा होणार नाही. हेडक्लार्क अजून तोच. म्हणाला, "कीर्तनच मांडा की बाई. टाळ मागवू काय?" पण साहेबांनी मंजूर केलं. दोन वर्षं मी रोज सकाळी व्हरांड्यात वाचत होते. माणसं ऐकायची, उलट विचारायची, "म्हंजे हे आडलं तर आमी आता कुनाला इचारायचं?" मला वाटायचं, हे तुमच्यासाठी चाललंय.

आणि गेल्या महिन्यात एका सकाळी कागदांचा ढीग होता. उचगावहून येणारा म्हातारा पट्टेवाला उशिरा आला. बाकीच्यांना वाचून दाखवून झालं होतं. मी त्याला नुसतं म्हटलं, "इथं उठवा." त्यानं उठवला. मी खाली 'वाचून दाखविले' लिहिलं आणि सही केली. हुकूम एवढाच होता की गारगोटीच्या कचेरीला जायचे कागद यापुढं टपालात न टाकता सकाळच्या मोटारीनं हाती पाठवायचे. त्यानं नेहमीप्रमाणं टपालात टाकले. तिथं तारीख हुकली, वरून विचारणा आली.

साहेबांनी त्याच्यासमोर मला विचारलं, "वाचून दाखवलं होतं?" मी म्हणाले, "हो." म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा मला खोटं पाडेल. तो म्हणाला, "बाईंनी वाचलं असंल सायेब. बाई चुकायच्या न्हाईत. माज्याच ध्येनात ऱ्हायलं न्हाय." आप्पा, माझ्या सहीवर त्याचा स्वतःच्या कानांपेक्षा जास्त विश्वास होता. त्याला घरी बसवण्याचा हुकूम माझ्याकडूनच लिहून घेतला. बाहेर हेडक्लार्क खूष होऊन म्हणाला, "बाई, तुमची पद्धत लई भारी निघाली. पयलं एखादा सुटायचा तरी. आता कोन सुटत न्हाय." पट्टा देऊन जाताना म्हातारा माझ्या टेबलाशी आला आणि माझीच समजूत घालू लागला, "वय झालं बगा बाई. तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

त्यानंतर आठ दिवस मी रोज कचेरीत गेले, रोज व्हरांड्यात वाचून दाखवलं, आणि गप्प राहिले. नवव्या दिवशी जबाब लिहिला: मी वाचून दाखवलं नव्हतं, खाली लिहिलं ते खोटं होतं, चूक माझी. तो आधी आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत चढवला, त्याला नंबर पाडला, एक प्रत वरच्या कचेरीला टपालात टाकली, आणि मग साहेबांपुढं ठेवला. ते म्हणाले, "मागं घ्या. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं नुकसान मोठं. त्याचं काय जातंय?" मी म्हणाले, "नंबर पडलाय, साहेब." म्हाताऱ्याला परत घेतील की नाही, अजून कळलेलं नाही.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून एवढं लिहू शकते. नोकरीत कायम केल्याचा माझा हुकूम आठव्या दिवशी संध्याकाळी हातात पडला. जबाब मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिला.