दुनिया बुडणार, मंग कापूस कायले पाह्यजे?

पुणे, मे २०२०

माय,

संघर्षचा जयभीम. मी बरा आहो, दोन्ही टाइम जेवतो. मोबाईल बिघडला म्हणून आपल्याकडच्या नेर गावच्या ट्रकवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देऊन राह्यलो.

बाबाच्या अंगाची खाज कमी झाली का? भाव येईन म्हणून खोलीभर कापूस भरला अन् त्याच्याच बाजूले निजता, तर किडे चावणारच. खोबरेल तेल लाव. पण तेवढ्यासाठी कापूस विकू नको.

मोबाईल बिघडायच्या आधी आपली दीपा फोनवर सांगत होती, व्यापारी आपल्या घरी येऊन म्हणे, कोरोनानं सारी दुनिया बुडणार, कापसाले कुत्रं विचारणार नाही. मंग तो कायले मागून राह्यला? इचार त्याले!

आमचा शेठ बी तसाच. टीव्हीवर कोणी बुडालो बुडालो म्हटलं की हा मान हालवते. बुडणार म्हणून त्यानं अर्धी पोरं कामावरून काढली, अन् त्याच हप्त्यात बाजूचं गोदाम भाड्यानं घेतलं. हरामखोर!

गाड्या सुरू झाल्या की मी येतो. परत पुण्याले जायचं नाही आता, त्या काढलेल्या पोरांत मी बी आहो. बाबाले एवढ्यात सांगू नको.

कापूस हालवू नको, माय. मी ओसरीत निजीन.

तुझा,
संघर्ष