आत्याबाईंच्या कानाचा बोर्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

निघाला! ऐकायच्या मशीनचा बोर्ड निघाला! अंगदच्या झेरॉक्सच्या दुकानातून चकचकीत कागदावर सर्किटचा नकाशा छापून आणला, तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीनं दाबला. चार ठिकाणी रेघ तुटली. तिथं माझ्या पार्लरमधलं लाल नेलपॉलिश लावलं आणि केमिकलात बुडवला. नको ते तांबं विरघळलं, रेघांखालचं आणि नेलपॉलिशखालचं राहिलं. हे आमच्या आयटीआयच्या सरांनाही सुचलं नसतं!

बोटं पिवळी झालीत. फेशियलला आलेली बाई म्हणाली, "हळदीला गेलतीस का?" हो म्हटलं.

५ फेब्रुवारी

सुटे भाग तिळाएवढे. भुवयांच्या चिमट्यानं धरायचे आणि कथलाचा डाग द्यायचा. आधी थर्मल वीजकेंद्राची राख पुसायची, ती इथं कशावरही बसते. एक कपॅसिटर टुणकन उडाला, तो थेट कापलेल्या केसांत! अर्धा तास केस चिवडत बसले.

विलास दारातून म्हणे, "कावून एवढी मरायलीस? आईला आठ वर्षं झाली ऐकू येत न्हाई."

कावून म्हणजे! का म्हणून विचारतोय! लग्न होऊन सहा वर्षं झाली, सासूनं, आत्याबाईंनी, माझा आवाज कधी ऐकलेला नाही. विकतचं मशीन आवाक्यात नाही, म्हणून मी करते आहे. आणि नवऱ्याचा प्रश्न हा!

सापडला कपॅसिटर.

९ फेब्रुवारी

आठ पायांची चिप. आधी दोन पाय चिकटले. जादा कथील उचललं, ॲसिटोननं पुसलं, परत बसवली – श्वास रोखून, भुवया करताना रोखते तसाच. भिंगातून पाहिलं. आठही डाग सुटे, आठही चमकतात! हा माझा हात आहे!

१२ फेब्रुवारी

मशीन चाललं!! कानात घातलं तशा आत्याबाई दचकल्याच. मी म्हटलं, "आत्याबाई, मी पौर्णिमा." त्यांनी माझ्या ओठांना हात लावला. "असा हाय व्हय गं तुजा आवाज?" मी रडले. एवढा अभिमान मला स्वतःचा कधीच वाटला नव्हता.

संध्याकाळी विलास नेहमीसारखा त्यांच्या शेजारीच बसून फोनवर, घाटनांदूरच्या धाकट्या दिराशी – "आईला आता तू ने, कारभारी. आमचं लई झालं."

आत्याबाईंनी भाकरी खाली ठेवली. "कुटं न्यायचं म्हन्तूस रे मला?"

विलासनं फोन कट केला. कुणीच जेवलं नाही.

१३ फेब्रुवारी

विलास आता फोन घेऊन गच्चीवर जातो. मला भांडी घासताना पुटपुटायची सवय. सहा वर्षांत आत्याबाईंसमोर काय काय पुटपुटले, आठवत बसले. आज ओठ मिटून घासली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्याबाईंनी मशीन माझ्या हातात आणून दिलं. "बिगडलं बग, पोरी. दोन दिवस झाले, कुनाचंबी बोलनं ऐकू येईना."

उघडलं. भिंगाखाली एकेक डाग तपासला. सगळे पक्के. बॅटरी भरलेली.

घरात कुणी बोलतच नाही. मीसुद्धा.